सांगायचे की विचारायचे? : बालवर्गातील एक अवघड धडा

बारामती : अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात एखादा पाहुणा आला, की बाई मुलांना म्हणतात, "यांना काही विचारायचे असेल तर विचारा." पटापट हात वर होतात. पाहुणा जनावरांचा डॉक्टर असेल, तर पहिले मूल उभे राहून म्हणते, "आमच्या म्हशीला रेडकू झालंय." दुसरे म्हणते, "माझ्या मामाकडं पण म्हैस हाय." तिसऱ्याला आपण काल आजोळी गेलो होतो हे सांगायचे असते. दहा हात वर होतात, दहा विधाने ऐकायला मिळतात आणि प्रश्न एकही येत नाही. "अरे, विचारा म्हटलं, सांगा नव्हे," असे बाई म्हणतात. त्यावर अकरावे मूल उठून आणखी एक गोष्ट सांगते.

बालवर्ग शिकविणाऱ्या कोणालाही हे चित्र अपरिचित नाही. गंमत म्हणून ते सोडूनही दिले जाते. मात्र त्यामागे भाषाशिक्षणाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. सांगणे आणि विचारणे यांतला फरक मुलाला कधी आणि कशावरून कळतो? तो शिकवावा लागतो का? शिकवायचा तर प्रश्नचिन्हापासून सुरुवात करायची, की त्याच्या बऱ्याच आधीपासून? बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हा विषय केवळ व्याकरणाच्या तासापुरता राहत नाही. येथल्या वर्गांत बागायतदाराचे मूल, शहरातल्या नोकरदाराचे मूल आणि ऊसतोडणीसाठी आलेल्या मजुराचे मूल अशी निरनिराळ्या घरांतली आणि निरनिराळ्या बोलींची मुले शेजारी शेजारी बसू शकतात. ज्याला विचारता येते ते मूल अडले तरी पुढे जाते. ज्याला येत नाही ते गप्प बसते, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ "समजले" असा घेतला जातो.

मराठीत प्रश्न ओळखायचा कसा?

इंग्रजीत विधानाचा प्रश्न करताना बहुधा शब्दांची जागा बदलते. क्रियापदाचा पहिला तुकडा उचलून कर्त्याच्या आधी नेला जातो. तेथे वाक्याच्या सुरुवातीलाच प्रश्नाची चाहूल लागते. मराठीची रीत वेगळी आहे. मराठीत शब्दांची जागा न बदलताही प्रश्न तयार होतो. त्यामुळे अनेकदा वाक्य संपत आले तरी ते विधान आहे की प्रश्न, याचा पत्ता लागत नाही.

या भागातल्या मुलांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी पंढरीच्या वाटेवर बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून जाते. बेलवाडीचे रिंगण पाहायला घरोघरची मुले जातात. आता ही चार वाक्ये पाहा. "पालखी आली." "पालखी आली?" "पालखी आली का?" "पालखी कधी आली?" पहिल्या दोन वाक्यांत एकाही अक्षराचा फरक नाही. पहिल्यात शेवटी आवाज खाली येतो आणि दुसऱ्यात तो वर चढतो, एवढेच. तिसऱ्यात शेवटी 'का' हा छोटा शब्द येऊन बसला. चौथ्यात 'कधी' हा प्रश्नार्थक शब्द क्रियापदाच्या आधी आला.

मराठी प्रश्नाच्या या तीन खुणा झाल्या : आवाजाचा चढ, वाक्याच्या शेवटी येणारा 'का' किंवा 'काय' आणि कोण, काय, कुठे, कधी, कसा, किती, कोणता, का ही 'क'ची भावंडे. यांपैकी आवाजाची खूण सर्वांत आधी कळते. बोलायला लागण्यापूर्वीच तान्ही बाळे आवाजाच्या चढउताराकडे लक्ष देतात. एका शब्दात बोलणारे मूलही "बाबा." आणि "बाबा?" हे वेगळे म्हणू शकते. पहिल्यात बाबा दिसल्याचा आनंद असतो, दुसऱ्यात ते कुठे गेले याची चौकशी. 'क'ची भावंडे त्यानंतर येतात, तीही एकदम नव्हे. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना निरनिराळ्या भाषांत साधारण एकच क्रम आढळला आहे. काय, कुठे, कोण हे आधी येतात. का, कसे, केव्हा हे मागाहून. वस्तू, जागा आणि माणूस डोळ्यांना दिसतात. कारण, रीत आणि वेळ या दिसत नाहीत. त्यासाठी विचार थोडा पिकावा लागतो.

एक 'का', दोन कामे

मराठी मुलापुढे आणखी एक खास अडचण असते, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मराठीत 'का' हा एकच शब्द दोन निराळी कामे करतो. "तू रडतोस का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे आहे. "तू का रडतोस?" या प्रश्नाला 'हो' हे उत्तर चालत नाही, तेथे कारण सांगावे लागते. शब्द तेच तीन, केवळ 'का'ची जागा बदलली. क्रियापदानंतर आला की तो वाक्याला प्रश्न करून सोडतो, क्रियापदाआधी आला की कारण मागतो.

लहान मुले येथे हमखास घसरतात. "तू काल शाळेत का आला नाहीस?" असे विचारले, की पाच वर्षांचे मूल मान हलवून "हो" म्हणते. मोठ्यांना तो उद्धटपणा किंवा मंदपणा वाटतो. वास्तविक मुलाने प्रश्न ओळखलेला असतो. प्रश्नाची जात ओळखलेली नसते. हीच चूक पुढे लेखी परीक्षेत दिसते. उताऱ्याखालच्या "कावळा का उडाला?" या प्रश्नासमोर "कावळा उडाला" असे उत्तर लिहिलेले असते. शिक्षक लाल शाईने फुली मारतात. मुलाला वाचता येते, उताराही कळलेला असतो; प्रश्न आपल्याकडून काय मागतो आहे, तेवढेच कळलेले नसते.

'काय'चीही तीच कथा आहे. "तू काय खाल्लेस?" येथे पदार्थाचे नाव हवे. "तू खाल्लेस काय?" येथे हो किंवा नाही. आणि "काय पाऊस पडला!" येथे तर काहीच विचारलेले नाही.

त्यात बोलीचा भाग येतो. पाठ्यपुस्तकातला 'का' घरात तसाच असेल असे नाही. या भागातल्या खेड्यांत "जेवलास व्हय?" असे विचारले जाते. "उद्या सुट्टी हाय न्हवं?" यातला 'न्हवं' समोरच्याकडून होकार मागतो. 'कुठे'चे 'कुटं' आणि 'केव्हा'चे 'कवा' झालेले असते. मराठवाड्यातून आलेले मूल 'का' ऐवजी 'कामून' म्हणते. लमाणी किंवा पारधी बोलणाऱ्या मुलाच्या घरचे प्रश्नाचे शब्द तर आणखी निराळे. या सर्व मुलांना प्रश्न विचारता येतो. पुस्तकातल्या प्रश्नाचा वेश तेवढा त्यांच्या ओळखीचा नसतो. "कामून" म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसला, तर ते मूल दुसऱ्यांदा विचारण्यापूर्वी दहा वेळा विचार करते.

'क' दिसला म्हणजे प्रश्न नव्हे

"कोण, काय, कुठे असे शब्द आले की वाक्य प्रश्नार्थक" हा नियम सोपा असल्यामुळे अनेक वर्गांत सांगितला जातो. मुले तो पाठही करतात. तो फार दूरवर मात्र नेत नाही.

"बस कधी येणार ते मला माहीत नाही." या वाक्यात 'कधी' आहे, पण ते विधान आहे. त्याच्या शेवटी पूर्णविराम हवा. फलकांवर आणि पत्रिकांतही अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह दिलेले दिसते. मोठ्यांचाही येथे गोंधळ होतो. "कोण आले आहे ते पाहा." ही आज्ञा आहे. "किती छान रांगोळी!" हा उद्गार आहे. "कोणी तरी येऊन गेले" यात तर प्रश्नाचा मागमूसही नाही.

याच्या उलट, प्रश्नाचे रूप घेऊन आलेली पण प्रश्न नसलेली वाक्येही असतात. "जरा पाणी देतोस का?" असे आजोबा म्हणाले, तर "हो" म्हणून जागच्या जागी बसून राहणाऱ्या नातवाला कोणी शहाणे म्हणणार नाही. ती विनंती असते. "गप्प बसतोस की नाही?" हा प्रश्न नसून धमकी असते, आणि ती तीन वर्षांच्या मुलालाही बरोबर कळते. "आईच्या मायेला मोल आहे का?" या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नको असते, 'मोल नाही' हेच त्या वाक्याचे म्हणणे असते. वरच्या इयत्तांत वाक्यरूपांतराच्या प्रश्नात अशीच वाक्ये येतात.

म्हणजे शब्दांच्या खुणा उपयोगी असल्या, तरी अखेरचा निवाडा त्या करीत नाहीत. बोलणाऱ्याला काही ठाऊक नाही आणि ते त्याला ऐकणाऱ्याकडून हवे आहे, ही प्रश्नाची खरी ओळख होय. विधानात बोलणाऱ्याजवळ काही असते आणि तो ते देतो. प्रश्नात त्याच्याजवळ काही नसते आणि तो ते मागतो. हा देण्या-मागण्याचा व्यवहार लहान मुलाला सहज समजतो, कारण दिवसभर ते हेच करीत असते. पाहुण्यासमोर म्हशीची गोष्ट सांगणाऱ्या मुलांचे चुकले कुठे, तेही यावरून उलगडते. त्यांच्याजवळ देण्यासारखे काही होते, ते त्यांनी दिले. मागण्यासारखे काय आहे, याचा विचार करायला त्यांना कोणी वेळच दिला नव्हता.

प्रश्नचिन्हाचे वय पावणेदोनशे वर्षे

मराठीत प्रश्न विचारणे नवे नसले, तरी प्रश्नचिन्ह नवे आहे. बारामतीला याचा उत्तम दाखला आहे. पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेले कविवर्य मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले आणि १७९४ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'संशयरत्नमाला' या काव्याच्या नावातच संशय, म्हणजे शंका आहे. देवाला घातलेल्या शंकांची ती माळ होय. मोरोपंतांच्या काळात मराठी लेखनात प्रश्नचिन्ह नव्हते. पोथ्यांत दंड असे. मोडीत तर शब्द तोडून लिहिण्याचीही रीत नव्हती. एक सलग रेघ आणि तिच्याखाली अक्षरे. वाचणारा ते मोठ्याने वाची आणि प्रश्न कुठे आहे ते त्याचा आवाजच ठरवी.

स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे इंग्रजी मुद्रणाबरोबर मराठीत आली. ती रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेल्या आणि शिक्षणखात्यासाठी मराठी शालेय पुस्तके तपासणाऱ्या कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी शतकानुशतके मराठी माणूस चिन्हावाचून प्रश्न लिहीत आणि ओळखत होता.

हा इतिहास शिक्षकाला एक गोष्ट सांगतो. आवाज आधी, चिन्ह नंतर. प्रश्नचिन्ह हे आवाजाच्या चढाचे कागदावरचे चित्र आहे. ज्या मुलाने तो चढ कानांनी टिपलेला नाही, त्याच्या दृष्टीने '?' ही आकडी निव्वळ नक्षी असते. 'वाक्याच्या शेवटी योग्य चिन्ह द्या' या स्वाध्यायात ते मूल अंदाजाने चिन्हे वाटत सुटते.

घरी प्रश्न, शाळेत उत्तरे

मूल घरात किती विचारते आणि शाळेत किती, याची मोजदाद ब्रिटनमध्ये झालेली आहे. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूजेस यांनी चार वर्षांच्या तीस मुलींचे घरातले आणि बालवाडीतले बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. या मुली घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारीत होत्या. बालवाडीत त्याच मुलींचे शिक्षिकेला विचारलेले प्रश्न तासाला सरासरी दोनवर आले. मुली त्याच, वय तेच. पण शाळेच्या उंबरठ्यावर प्रश्न गळून पडले.

आपल्याकडे अशी मोजणी केली तर काय दिसेल, याचा अंदाज कोणत्याही वर्गात अर्धा तास बसून करता येतो. प्रश्न शिक्षक विचारतात, उत्तरे मुले देतात. शिक्षकांचे बहुतेक प्रश्न असे असतात, की त्यांची उत्तरे शिक्षकांना आधीच ठाऊक असतात. "हा रंग कोणता?" "पाच आणि दोन किती?" वर सांगितलेल्या अर्थाने हे खरे प्रश्न नव्हेत, ती परीक्षा आहे. "समजले का?" या प्रश्नाला वर्ग सुरात "हो" म्हणतो. त्या 'हो'मध्ये न समजलेलेही आपला आवाज मिसळतात.

मग मूल शाळेत काय विचारते? "बाई, पाणी प्यायला जाऊ का?" "सर, आत येऊ का?" शाळेत गेलेले मराठी मूल सर्वांत आधी ज्या प्रश्नात तरबेज होते, तो परवानगीचा प्रश्न आहे. त्यात 'का' अचूक जागी येतो, आवाज अचूक चढतो. म्हणजे रचना त्याला अवगत आहे. पाणी प्यायचे असते म्हणून ते पाणी प्यायची परवानगी मागते. काही जाणून घ्यायचे आहे अशी वेळच वर्गात आली नाही, तर त्या रचनेचा दुसरा उपयोग त्याला सापडणार कसा?

येथे शिक्षकाच्या थांबण्याला महत्त्व आहे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात. ते तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, 'माहीत नाही' कमी झाले आणि मुले स्वतःहून अधिक प्रश्न विचारू लागली. तीन सेकंदांना पैसा लागत नाही, फळा-खडूही लागत नाही. गजबजलेल्या वर्गात गप्प राहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

उसाच्या फडातून आलेले मूल

बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा, असा हा सहकारी साखर कारखान्यांचा पट्टा आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात आणि नवरा-बायकोचा 'कोयता' फडात उतरतो. त्यांच्याबरोबर मुले येतात. या मुलांसाठी महाराष्ट्रात साखरशाळांचा प्रयोग झाला. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांचीही योजना आली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर जवळच्या शाळेत वयानुरूप प्रवेश हा अशा मुलांचाही हक्क झाला.

प्रवेश मिळतो, पण मूल वर्षाच्या मध्यावर येऊन बसते. पुस्तकाचा कोणता धडा चालू आहे, वही कोणती काढायची, खिचडी कधी मिळते, घंटा का झाली, हे सारे त्याला नवे असते. इतर मुलांना ही माहिती जूनपासून आपोआप मिळालेली असते. या मुलाला ती विचारूनच मिळवावी लागते. त्याची बोली निराळी, ओळखीचे कोणी नाही आणि शाळेत प्रश्न विचारायचा असतो हे कोणी शिकविलेले नाही. मग ते पाहून पाहून करू लागते. शेजाऱ्याने वही काढली की आपणही काढते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडतो, टोळी परत जाते आणि मूल जेवढे घेऊन आले होते जवळजवळ तेवढेच घेऊन जाते. विधान आणि प्रश्न यांतला फरक या मुलाच्या लेखी गुणपत्रिकेतला दोन गुणांचा प्रश्न नाही. "हे मला कळले नाही, पुन्हा सांगाल का?" हे वाक्य त्याला उच्चारता येणे हा त्याच्या शिक्षणाचा आधार आहे.

नीरा नदी ओलांडली, की फलटण लागते. तेथे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी उभे केलेले काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतून आलेल्या बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांवर पीएच. डी.चे संशोधन केले आणि जाई निंबकर यांच्यासमवेत मराठीचे संदर्भ व्याकरण लिहिले. पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. मुलाची घरची बोली चूक मानायची नाही, त्याला मोकळेपणाने बोलू द्यायचे आणि वाचनाला पहिल्या दिवसापासून अर्थाची जोड द्यायची, हे त्या कामाचे सूत्र. मुलाने "कामून" विचारले, तर आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. पुस्तकात त्याला 'का' म्हणतात, हे नंतर सांगता येते. उलट क्रमाने गेले, तर शब्द सुधारतो आणि प्रश्न हरवतो.

वर्गात करायचे कसे?

पहिली पायरी कानाची. शिक्षकांनी एकच वाक्य दोन प्रकारे म्हणावे : "पाऊस आला." "पाऊस आला?" विधान असेल तर मुलांनी हात मांडीवर ठेवावा, प्रश्न असेल तर तळहात वर करून पुढे धरावा. मागण्याची ती खूण मुलांना पटकन समजते. या टप्प्यावर फळ्यावर काहीही लिहू नये.

दुसरी पायरी 'का'ची. येथे घरचाच खेळ उपयोगी पडतो. भोंडल्याच्या शेवटी खिरापत ओळखायची असते. "गोड आहे का?" "तळलेली आहे का?" "त्यात गूळ आहे का?" असे विचारत विचारत मुली खिरापतीच्या जवळ जातात. पाटी-पेन्सिल, चिंच, शेंगदाणा अशी वस्तू कापडी पिशवीत ठेवून हाच खेळ वर्गात वर्षभर घेता येतो. नियम एकच : पिशवीवाल्याने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे. "आमच्या घरी पण चिंच हाय" असे म्हणणाऱ्या मुलाला येथे रागवावे लागत नाही. त्या वाक्याने पिशवीतले काही कळत नाही, हे त्याचे त्यालाच उमगते.

तिसरी पायरी 'क'च्या भावंडांची. ती सर्व एका दिवशी आणू नयेत. कोण, काय, कुठे यांनी सुरुवात करावी. कधी, कसे, का यांना काही आठवडे जाऊ द्यावेत. एक वाक्य घ्यावे, "आजी बाजारातून भाजी आणते", आणि त्यातला एकेक शब्द झाकावा. आजी झाकली की "कोण आणते?", भाजी झाकली की "काय आणते?", बाजार झाकला की "कुठून आणते?" ज्याची उणीव पडली त्याचा प्रश्न होतो, हे मुलांच्या ध्यानात येते. दोन 'कां'ची जोडीही येथेच घ्यावी : "तू हसतोस का?" आणि "तू का हसतोस?" पहिल्याचे उत्तर मानेने द्यायचे, दुसऱ्याचे तोंडाने.

चौथी पायरी खऱ्या गरजेची. पाहुणा बोलवायचा, पण आदल्या दिवशी मुलांशी बोलून. पोस्टमन येणार असेल, तर "त्यांच्याबद्दल आपल्याला काय काय माहीत नाही?" याची यादी मुलांकडून काढून घ्यावी. पत्ता चुकला तर पत्र कुठे जाते? थैली किती जड असते? कुत्रा मागे लागतो का? मग प्रत्येकाने आपला एक प्रश्न धरून ठेवावा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, ते पाहायला सहल जाते. तिच्या आधीही अशी यादी करता येईल. गोष्टी सांगण्यासाठी वेगळा वेळ अवश्य ठेवावा. सांगण्याची हौस दाबून विचारण्याची हौस येत नाही.

आणि मग पाचवी पायरी, प्रश्नचिन्हाची. मुलांनीच विचारलेले प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि शेवटी ते चिन्ह काढून "आपला आवाज येथे वर गेला, त्याची ही खूण" असे सांगावे. ज्या मुलाचा प्रश्न असेल, त्यानेच तो आवाज चढवून वाचावा. 'विधानार्थी' आणि 'प्रश्नार्थी' ही नावे त्यानंतर कधीही सांगितली तरी चालतात. या वयाला 'सांगायचे वाक्य' आणि 'विचारायचे वाक्य' एवढे पुरे.

तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मान्य केले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने समजपूर्वक वाचन हे तिसरीपर्यंतचे उद्दिष्ट ठरविले. समजपूर्वक वाचनात उताऱ्याला प्रश्न विचारत वाचणे आलेच. त्या वाचनाची तयारी अक्षरओळखीच्याही आधी, पिशवीतल्या चिंचेपासून सुरू होऊ शकते.

पालकांचा वाटा

शहरी घरांत मूल विचारते आणि मोठी माणसे मोबाईलमध्ये डोके घालून "हं" म्हणतात. "हं" हे विधान आहे की प्रश्न, हे मुलाला कळत नाही. उत्तर नाही, हे मात्र कळते. काही साध्या गोष्टी घरी सहज करता येतील. शाळेतून आलेल्या मुलाला "आज काय शिकविले?" याबरोबर "आज तू काय विचारलेस?" असेही विचारावे. त्याचे उत्तर बरेच दिवस "काही नाही" असे येईल. तरी विचारणे सोडू नये. उत्तर ठाऊक नसलेले प्रश्न आपणही मुलाला विचारावेत. "तुझ्या डब्यातली भाजी कोणाला आवडली?" हे आईला खरोखरच माहीत नसते, म्हणून तो खरा प्रश्न. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल, तर "मला माहीत नाही, आपण कोणाला तरी विचारू" असे म्हणावे. मोठ्या माणसांनाही विचारावे लागते, हे मुलाला त्यातून दिसते.

बोलताना मूल "का" विचारून भंडावते तेव्हा ते त्रास देत नसते. आपल्याजवळ काय नाही, याचा त्याला लागलेला तो शोध असतो. असे मूल शाळेत जाऊन एखाद्या पाहुण्यासमोर उभे राहिले, की म्हशीची गोष्ट सांगेलच. फक्त तिच्या शेवटी कदाचित म्हणेल, "रेडकू उठंना झालंय. काय करायचं?" जनावरांच्या डॉक्टरला त्या दिवशी वर्गातला पहिला प्रश्न मिळेल, आणि त्या मुलाला घरी न्यायला उत्तर.